लोणखेड्यातला एक गुंठा

भारतीय रिझर्व्ह बँक दर तिमाहीला घरांच्या किमतींचा निर्देशांक प्रसिद्ध करते. अनेक वर्षं त्यात मुंबई-दिल्लीपासून कोचीपर्यंतची १० शहरं होती, अलीकडे ती १८ झाली. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा ‘रेसिडेक्स’ २००७ पासून निघतो आणि तो ५० शहरांपर्यंत जातो. या दोन्ही याद्यांत नंदुरबार जिल्ह्यातलं एकही शहर नाही. शहाद्याला लागून वाढलेल्या लोणखेड्यात गेल्या वर्षी घरं किती टक्क्यांनी महागली, हे सांगणारा निर्देशांक देशात कुठेच निघत नाही. तरीही तिथे प्लॉट विकले जातात, स्लॅब पडतात, वास्तुशांतीची जेवणावळ उठते. एखाद्या माणसाची आयुष्यभराची कमाई एका गुंठ्यात जाते. ती कमाई योग्य ठिकाणी गेली का, हे त्याला कळायला हवं. या प्रकरणात आपण तेच पाहणार आहोत.

खानदेशात कोणी जागा शोधायला निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “आते गुंठाना काय भाव चालू शे?” उत्तर चहाच्या टपरीवर मिळतं, बाजार समितीच्या आवारात मिळतं, नात्यातल्या एखाद्या अण्णांकडून मिळतं. तीन ठिकाणी तीन आकडे कानावर येतात. आकड्यांचा हा गोंधळ सांगणाऱ्याच्या लबाडीमुळे होत नाही. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंचे, एकाच मापाचे दोन प्लॉट खरोखरच दोन वेगळ्या किमतीचे असतात. माती तीच असते आणि विटाही त्याच भट्टीवरून आलेल्या असतात. वेगळे असतात ते त्या जागेचे कागद.

घराची किंमत शेवटी दोन गोष्टींवर ठरते: ते घर कोणकोण विकत घेऊ शकतं आणि त्यासाठी कर्ज कोणकोण देऊ शकतं. या दोन्ही गोष्टी कागद ठरवतो. मोठ्या शहरात हे चटकन दिसत नाही, कारण तिथे बहुतेक घरांचे कागद एकाच साच्याचे असतात. लोणखेड्यासारख्या गावात मात्र चारपाच प्रकारची जमीन एकमेकीला खेटून असते, आणि म्हणूनच घरांचा बाजार समजून घ्यायला हे गाव मुंबईपेक्षा चांगलं आहे, असं मला वाटतं.

आधी गावाची जागा पाहू. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधली काळी, खोल, सुपीक जमीन. शहादा हे या पट्ट्याचं बाजाराचं गाव. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्ग शहाद्यातून जातो आणि खेतियाकडे निघालेला रस्ता पुढे मध्य प्रदेशात उतरतो. शहाद्याला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर नंदुरबार किंवा दोंडाईचा गाठावं लागतं. पुरुषोत्तमनगरला सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखाना आहे. पी. के. अण्णा पाटील यांनी सहकार आणि शिक्षण या दोन्हींचा पाया इथे घातला. पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाची महाविद्यालयं या शहादा-लोणखेडा पट्ट्यात उभी राहिली, आणि लोणखेडा हे नाव जिल्ह्यातल्या घराघरांत कॉलेजचं गाव म्हणून पोहोचलं.

गावाला भाव येतो तो इथून. प्राध्यापक, शिक्षक, कारखान्यातले कर्मचारी, बँकेतले बाबू, मुलांना शिकायला ठेवायचं म्हणून खेड्यातून येणारी शेतकरी कुटुंबं, या सगळ्यांना शहाद्याजवळ घर हवं असतं. शहाद्याच्या नगरपालिका हद्दीत जागा महाग, म्हणून पाय लगतच्या ग्रामपंचायतीकडे वळतात. शासनाच्या दरपत्रकात शहरालगतच्या अशा गावांसाठी ‘प्रभाव क्षेत्र’ असा स्वतंत्र गटच केलेला आहे. २०२५-२६ साठी वार्षिक बाजारमूल्य दर, म्हणजे रेडी रेकनर, मुंबई वगळता राज्यात सरासरी ४.३९ टक्क्यांनी वाढले. त्याआधीची दोन वर्षं ते जागेवरच होते. पण सरकारी दर जागेवर होते म्हणून बाजारातला भाव थांबला होता, असं त्या दोन वर्षांत जागा शोधणारा कोणीही म्हणणार नाही.

बाजारातला भाव हलतो तो पिकावर. या तालुक्यात ऊस आहे, केळी आहे, कापूस आहे आणि पपई फार मोठ्या प्रमाणावर आहे. पपईचा भाव ठरवायला शहाद्याच्या बाजार समितीत शेतकरी आणि व्यापारी समोरासमोर बसतात, कधी बैठक मोडते, तोडणी थांबते, पुन्हा बोलणी होतात. ज्या हंगामात भाव चांगला बसतो, त्या हंगामानंतर प्लॉटची चौकशी वाढते. कापसाने मार खाल्ला की ठरलेले सौदेही लांबतात. सौद्याचा दिवसही शेतीच्या वर्षाशी बांधलेला असतो. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, जुनं साल संपतं आणि नवं ठरतं. हिशेब मिटतो, हाती काय उरलं ते कळतं. त्याच सुमारास इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, दिला जातो. पाडवा आणि दसरा हेही मुहूर्त आहेतच, पण आखाजीला मुहूर्ताबरोबर पैसाही हातात असतो. अमेरिकेत घरांच्या किमती व्याजदराकडे पाहून चढतात-उतरतात, कारण तिथे बहुतेक घरं तीस वर्षांच्या कर्जावर घेतली जातात. लोणखेड्यात रेपो दर पाव टक्क्याने कमी झाल्याची बातमी सौद्याच्या बैठकीत कोणी काढत नाही. तिथे पपईचं बोलणं निघतं.

आता कागद पाहू. सगळ्यात वरचा भाव बिनशेती, म्हणजे एन. ए., लेआउटमधल्या प्लॉटला. शेतजमिनीच्या मालकाने महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली बिनशेतीची परवानगी घेतलेली असते, नगररचना खात्याने आराखडा मंजूर केलेला असतो, रस्ते आणि मोकळी जागा सोडलेली असते, आणि प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र सातबारा निघालेला असतो. असा प्लॉट घेणाऱ्याच्या हातात एक जाड फाईल येते. तिच्यातलं खरेदीखत उघडून पाहावं. पहिल्या पानावर लिहून घेणार आणि लिहून देणार. मग मिळकतीचं वर्णन: गट नंबर, प्लॉट नंबर, क्षेत्र चौरस मीटरमध्ये. त्याखाली चतुःसीमा: पूर्वेस अमुक नंबरचा प्लॉट, पश्चिमेस नऊ मीटरचा रस्ता, दक्षिणेस, उत्तरेस. या चार ओळी फार मोलाच्या आहेत. ‘पश्चिमेस रस्ता’ असं लिहिलेलं असलं आणि जागेवर रस्त्याच्या ठिकाणी कोणाची कपाशी उभी असली, तर घेणाऱ्याने तिथेच थांबावं. कॉर्नर प्लॉटला दोन बाजूंनी रस्ता लिहिलेला असतो, म्हणून त्याचा भाव वेगळा.

या फाईलचं खरं मोल बँकेत कळतं. बँकेच्या यादीतला वकील मागच्या कित्येक वर्षांच्या नोंदी तपासून सर्च रिपोर्ट देतो, मूल्यांकन करणारा इंजिनिअर जागेवर येऊन जातो. एन. ए. आदेश, मंजूर लेआउट, बांधकाम परवानगी, खरेदीखत आणि फेरफार हे सगळं जागेवर असलं की कर्ज मंजूर होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. म्हणजे ज्याच्याकडे फक्त दहावा हिस्सा साठलेला आहे, असा शिक्षकही अशा घराचं गिऱ्हाईक होऊ शकतो. गिऱ्हाइकं वाढतात, म्हणून भाव वाढतो.

पण इथेच एक गाठ आहे, आणि तिच्याबद्दल मोकळेपणाने फार कमी लिहिलं जातं. समजा, एका घराचा सौदा २५ लाखांना ठरला. रेडी रेकनरने त्याचं मूल्य १५ लाख येतं. खरेदीखतावर १५ लाख लिहायचे आणि १० लाख ‘वरचे’ द्यायचे, असा प्रस्ताव समोर येतो. मुद्रांक शुल्क वाचेल, असं घेणाऱ्याला सांगितलं जातं, आणि ते खरंही आहे. चारपाच टक्क्यांच्या हिशेबाने चाळीस-पन्नास हजार वाचतात. आता उरलेला हिशेब मांडू. कागदावर २५ लाख असते तर कर्ज साडेबावीस लाखांपर्यंत मिळालं असतं आणि पदरचे अडीच लाख लागले असते. कागदावर १५ लाख असले तर कर्ज साडेतेरा लाखांवर थांबतं आणि पदरचे साडेअकरा लाख लागतात, त्यातले दहा लाख रोख. पुढे हे घर विकताना खरेदीची किंमत १५ लाखच धरली जाते, म्हणजे न झालेल्या नफ्यावरही कर लागतो. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे आणि दंड तितक्याच रकमेचा आहे.

या प्रथेतला मोठा अन्याय मला दुसराच वाटतो. रोख दहा लाख कोणाकडे असतात? व्यापाऱ्याकडे असतात, आणि ज्या वर्षी पिकाने साथ दिली त्या वर्षी मोठ्या बागायतदाराकडे असतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे बागायतदाराची रोकड पूर्णपणे कायदेशीरही असते. पगारदाराचा सगळा पैसा मात्र बँकेतून येतो. परिचारिका, लिपिक, तासिका तत्त्वावर शिकवणारा प्राध्यापक यांना ‘वरचे’ देता येत नाहीत, म्हणून त्यांना दाखवलेलंच घर दुसऱ्याला जातं. गावाला भाव आणला तो कॉलेजने, पण भाव ठरवताना कॉलेजात नोकरी करणाऱ्याचा शब्द चालत नाही.

अमेरिकेतल्या लहान शहराशी तुलना इथे उपयोगी पडते. तिथे घर विकलं की काउंटीच्या दप्तरात नोंद होते आणि बहुतेक राज्यांत विक्रीची रक्कम कोणालाही पाहता येते. टेक्साससारखी काही राज्यं तेवढी वेगळी. कर्ज देण्याआधी बँक मूल्यमापक पाठवते. तो आसपास अलीकडे विकल्या गेलेल्या तशाच घरांच्या किमती मांडतो, एखाद्याला खोली जास्त, एखाद्याचं छप्पर नवं, असे फरक वजा-अधिक करतो आणि आकडा काढतो. काउंटीही घराचं मूल्य ठरवून त्यावर कर लावते, आणि त्या कराचा मोठा भाग गावच्या शाळेला जातो. २००६ साली झिलो कंपनी आली. तिने याच नोंदी गोळा करून लाखो घरांच्या अंदाजी किमती सर्वांसमोर मांडल्या. तो बाजार निर्दोष नाही. १९३० च्या दशकात तिथे सरकारी आशीर्वादाने वस्त्यांचे रंगीत नकाशे निघाले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या तांबड्या रंगात दाखवून त्यांना कर्ज नाकारलं गेलं. १९६८ च्या कायद्याने भेदभावाला बंदी आली, तरी त्या वस्त्यांतल्या घरांच्या किमती पुढेही मागेच राहिल्या. पण एक गोष्ट तिथे आहे: शेजारचं घर केवढ्याला गेलं, हे कळतं.

महाराष्ट्रातही ते कळायला हरकत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर कोणत्याही गावाची सूची क्रमांक दोन पाहता येते. कोणी कोणाला कोणती जागा किती रकमेला दिली, ते तिथे लिहिलेलं असतं. म्हणजे आपलं दप्तरही उघडं आहे, फक्त त्यातला आकडा खरा नसतो. त्या खोट्या आकड्यावरून पुढच्या वर्षीचा रेडी रेकनर ठरतो, तोही कमी निघतो, आणि ‘वरच्या’ रकमेला पुन्हा जागा मिळते.

लेआउटच्या फाटकातून बाहेर पडून जुन्या गावठाणात जाऊ. इथली घरं वेगळी आणि त्यांचे प्रश्नही वेगळे. सातपुड्यातल्या सागाचे खांब आणि तुळया, जाड मातीच्या भिंती, वर धाबं, दारापुढे बसायला ओटा, मागे गोठा. घराचं माप चौरस फुटांत नाही तर खणांत सांगतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा या घरात जो गारवा असतो तो स्लॅबच्या घरात नसतो. लाकूडच आज मोठ्या किमतीचं आहे. तरी बाजारात या घराला गिऱ्हाईक नसतं.

असं एक घर घेऊ. आजोबांच्या नावावर ग्रामपंचायतीचा नमुना ८ आहे. नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. आजोबा गेले, त्यांची मुलं गेली. आता वारस आहेत तीन नातू आणि दोन नाती. एक नातू गावात, एक नाशिकला, एक पुण्याला. एक नात सुरतला दिलेली, एक दोंडाईच्याला. गावातल्याला घर पाडून नवं बांधायचं आहे. बँक विचारते, मालक कोण? हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. वडील दुरुस्तीच्या दिवशी हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. म्हणून पाचही जणांच्या सह्या हव्यात. इथे बहुतेक घरांत भाऊ बहिणीला म्हणतो, “ताई, तुला कुठे यायचंय इथे राहायला? हक्कसोड करून दे.” ताई माहेर तुटू नये म्हणून सही करते. बहिणीच्या हिश्शाचे पैसे तिला देऊन हक्कसोड घेणारा भाऊही असतो, आणि त्याचा कागद पुढे कोणी मोडू शकत नाही. पण हिस्सा न देता सही मागणं हेच सर्रास चालतं, आणि घराची बाजारातली किंमत शून्यावरून वर येते ती तिच्या त्या सहीनेच. त्या वाढलेल्या किमतीतला एक रुपयाही तिला मिळत नाही, हे मला मान्य होत नाही.

गावठाणातल्या घरांना कागद मिळावा म्हणून २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोनने गावठाण मोजायचं आणि प्रत्येक घराला मिळकत पत्रिका द्यायची, असं तिचं स्वरूप. महाराष्ट्रात त्याआधीच पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात हा प्रयोग झाला होता. पत्रिकेमुळे बँकेचं दार उघडतं, पण घरातला वारसांचा गुंता ती सोडवत नाही. तो घरातल्यांनीच सोडवायचा असतो.

नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर १०० माणसांमागे ६९ आदिवासी आहेत. तरी घरांच्या बाजाराची चर्चा निघाली की त्यांच्या घरांचं नाव निघत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ प्रमाणे आदिवासीची जमीन सरकारी परवानगीशिवाय बिगर आदिवासीला घेता येत नाही. शहादा तालुक्याचा काही भाग तर अनुसूचित क्षेत्रातही मोडतो. एकाच शिवारात दोन शेतं एकमेकांना लागून असली आणि एकाच्या सातबारावर आदिवासी खातेदाराचं नाव असलं, तर त्याचा भाव दुसऱ्याच्या मानाने फारच कमी निघतो, कारण गिऱ्हाइकांचं वर्तुळ लहान आहे.

हे पाहून कोणी म्हणतं, कायद्याने आदिवासीचंच नुकसान केलं, त्याची जमीन स्वस्त झाली. हे म्हणणाऱ्याने शहाद्याचा इतिहास वाचावा. इथल्या भिल्ल कुटुंबांच्या जमिनी कर्जात, कोऱ्या कागदावरच्या अंगठ्यात आणि नाममात्र रकमेच्या व्यवहारांत गेल्या होत्या. जमिनीचे मूळ मालक त्याच जमिनीवर सालदार झाले. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला आणि राज्यभर शहाद्याचं नाव गेलं. अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल नेत्याने लोक जोडले होते. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमिमुक्ती मेळावा झाला, त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. कुमार शिराळकरांसारखे तरुण शहरातल्या नोकऱ्या सोडून इथे येऊन राहिले. गेलेल्या जमिनींचे उतारे काढायचे आणि त्या परत मागायच्या, हे या चळवळीचं मोठं काम होतं. कलम ३६ अ १९७४ सालच्या दुरुस्तीने आलं, आणि १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हस्तांतरित झालेल्या जमिनी आदिवासींना परत देण्याचा स्वतंत्र कायदाही त्याच वेळचा.

तेव्हा आदिवासी जमिनीचा कमी भाव ही त्या जमिनीची उणीव नाही. जमीन हातात राहावी म्हणून दिलेली ती किंमत आहे, आणि शहादा-लोणखेड्यासारख्या वाढत्या पट्ट्यात तो निर्बंध उठला तर पहिल्या दहा वर्षांतच रस्त्यालगतची जमीन जाईल, याबद्दल मला शंका नाही. प्रश्न वेगळा आहे. जमीन गहाण ठेवून बँक कर्ज देत नसेल, तर त्या कुटुंबाने घर कशावर बांधायचं? प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. आदिवासींसाठी शबरी घरकुल योजना आहे. आजच्या सिमेंट-लोखंडाच्या भावात या रकमेत चार भिंती आणि छप्पर कसंबसं होतं. शिवाय घरकुल मिळायला आधी जागा नावावर हवी. ज्यांच्या दोन पिढ्या मालकाच्या शेतावरच्या खोपटात गेल्या, त्यांच्या नावावर जागा कुठून येणार? भूमिहीनांना जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून आधी ५० हजारांपर्यंत मदत मिळे, ती आता एक लाखापर्यंत झाली आहे. कॉलेजच्या जवळपास कुठेही या रकमेत ५०० चौरस फूट मिळत नाहीत. म्हणून ज्यांच्या मजुरीवर इथली तोडणी आणि बांधकामं चालतात, ती कुटुंबं कामापासून लांब, जिथे जागा परवडते तिथे सरकतात. बाजारभाव वाढला की गावाची भरभराट झाली, असं समजणाऱ्यांनी हा खर्चही त्याच हिशेबात धरायला हवा.

भाड्याबद्दल थोडक्यात. कॉलेजच्या गावात खोल्या भाड्याने देणं हा जोडधंदा असतो. खाली मालक, वर जिन्याने जायच्या दोनतीन खोल्या, एका खोलीत दोघं किंवा तिघं विद्यार्थी, मेसचा डबा बाहेरून. परीक्षा संपल्या की खोल्या रिकाम्या. आपल्या देशात वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या दोनतीन टक्क्यांपुढे क्वचितच जातं. अमेरिकेतल्या लहान शहरात ते याच्या कितीतरी पुढे असतं. निव्वळ भाड्यासाठी घर बांधणाऱ्याने हा फरक लक्षात घ्यावा. राहतं घर बांधताना वरती एक खोली काढणं वेगळं आणि कर्ज काढून फक्त विद्यार्थ्यांसाठी इमारत उभी करणं वेगळं. प्रवेश कमी झाले तर बँकेचा हप्ता कमी होत नाही.

आता राहिला तो प्रकार, ज्यात सगळ्यात जास्त साधी माणसं अडकलेली आहेत: गुंठ्याचा तुकडा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. एका कुटुंबाला हे पुरेसं. शेतकऱ्याने रस्त्यालगतच्या एकरात काठीने आखणी केली, चाळीसपैकी तीस-बत्तीस गुंठे विकले, बाकीचे बोळात गेले. बिनशेती नाही, लेआउट नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने ठरावीक प्रमाणापेक्षा लहान तुकड्याची विक्री मना केलेली. २०२३ साली ते प्रमाण बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे झालं. एक गुंठा त्यात कुठेच बसत नाही. मग शंभर किंवा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी होते, पैसे दिले जातात, घर उभं राहतं, ग्रामपंचायत कर लावते, विजेचं मीटर येतं. सातबारावर मात्र मूळ शेतकऱ्याचंच नाव. तो असेपर्यंत शब्द पाळला जातो. त्याच्या मागे त्याची मुलं “आम्ही कुठे विकली?” म्हणाली, की घरमालकाच्या हातात वीजबिलापलीकडे काही नसतं. अशा घराला कर्ज नाही, म्हणून रोखीचंच गिऱ्हाईक, आणि रोखीचं गिऱ्हाईक ही अडचण ओळखून भाव पाडतं.

या घरांसाठी कायदा हळूहळू सरकला आहे. तुकडा नियमित करायला आधी बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरावी लागे. ती इतकी होती की फारसं कोणी पुढे आलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती ५ टक्क्यांवर आली. २०२५ च्या अखेरीस राज्याने अध्यादेश काढून रहिवासी वापराच्या भागांतले आणि गावठाणालगतचे, १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले तुकड्यांचे व्यवहार शुल्काशिवाय नियमित करण्याचा मार्ग उघडला. ज्यांचं खरेदीखत नोंदलेलं आहे पण फेरफार नामंजूर होता, त्यांचं नाव यामुळे सातबारावर लागू शकतं. ज्यांच्याकडे फक्त नोटरीचा कागद आहे, त्यांना आधी मुद्रांक शुल्क भरून व्यवहार नोंदवून घ्यावा लागेल. त्यासाठी दुय्यम निबंधकासमोर विकणाऱ्याची किंवा त्याच्या सगळ्या वारसांची सही लागते.

म्हणून ज्याच्याकडे असा तुकडा आहे त्याने भाव वाढायची वाट पाहत बसू नये. मूळ मालक हयात आहे, तो आपल्याला ओळखतो, त्याचा अंगठा किंवा सही आज मिळू शकते, हेच त्या घराचं सध्याचं सगळ्यात मोठं भांडवल आहे. तलाठ्याकडे अर्ज द्यावा, पोच घ्यावी, गट नंबर आणि चतुःसीमा नीट लिहून घ्याव्यात. दस्त करताना घरातल्या बाईचं नावही घालावं. निवासी मिळकत फक्त बाईच्या नावावर घेतली तर राज्यात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे, आणि पुढे पंधरा वर्षं ती पुरुषाला विकायची नाही ही अट २०२३ मध्ये काढून टाकली गेली. ज्या घरात पैसे पुरवून पुरवून हा गुंठा घेतला गेला, तिथे ते पुरवणारी बहुतेक वेळा तीच असते, आणि सातबारावर तिचं नाव लागायला आता कायद्याची आडकाठी उरलेली नाही.